थांबलेल्या नळीचं रीडिंग

३ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुझं कार्ड मिळालं. त्यावर दोन वाक्यं होती. ‘इकडे सगळं ठीक. दाराची बेल बंद पडली आहे.’ मी ते चार वेळा वाचलं. चौथ्यांदा वाचताना लक्षात आलं, की पाचव्यांदा वाचूनही त्यात तिसरं वाक्य उगवणार नाही.

आतोबांना जाऊन सहा आठवडे आणि दोन दिवस झाले. मला अजून रडू आलेलं नाही. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही, नोंद म्हणून लिहिते आहे. जेवते, झोपते, लॅबमध्ये जाते. जाड हातमोजा घालून वस्तू उचलावी तसं सगळं चाललं आहे. वस्तू उचलली जाते, पण गार आहे की गरम ते हाताला कळत नाही.

फोन केला असता, पण तीस वर्षं कॉम्प्रेसरच्या शेजारी उभं राहून तुझे कान गेलेत आणि फोनवर मी काहीही बोलले तरी तू ‘हो, जेवले’ म्हणतेस. म्हणून पत्र. ज्या कामापायी मी आले नाही ते काम काय होतं, एवढं तरी तुला माहीत असावं.

थंड पाण्यात दाबाखाली कार्बन डायऑक्साइड सोडला की पाण्याचे कण त्या गॅसभोवती पिंजरे बांधतात आणि बर्फासारखे पांढरे दाणे तयार होतात. गंमत म्हणजे ते शून्याच्या वर, सहा-सात अंशांनाच होतात. त्याला हायड्रेट म्हणतात. हे दाणे पाण्यात मिसळलेले असताना जो पातळ लगदा होतो तो पंपाने नळीतून फिरवायचा. जिथे थंडावा हवा तिथे दाणे वितळतात आणि उष्णता ओढून घेतात. नुसतं गार पाणी फिरवलं तर जेवढी थंडी पोचते, त्याच्या कितीतरी पट पोचते. तुमच्या शीतगृहातला अमोनिया मशीन-रूममध्येच राहील, माणसांच्या नाकात जाणार नाही. अडचण एकच. फिरत राहिला तर लगदा शहाण्यासारखा वाहतो, पण थांबला की दाणे एकमेकांना धरून बसतात. पुन्हा हलवायला किती जोर लागतो, ते मी मोजते.

आमच्या सरांनी त्यात साबणासारखं एक द्रव्य घातलं आहे, दाण्यांनी एकमेकांना धरू नये म्हणून. ते काम करतं की नाही हे पाहायला मी चाळीस दिवस रोज पंप बंद करत होते, कधी दहा मिनिटं, कधी चार तास, आणि परत सुरू करताना लागलेला दाब लिहीत होते. रोज चाळीस मिलिबारच्या आसपास आला. कितीही वेळ थांबा, तेवढाच. सर खूश आहेत. एकतीस मार्चला हा तक्ता एका औषधांच्या शीतगृहाच्या इंजिनिअरांकडे जाईल आणि त्यावरून ते पंप केवढा बसवायचा ते ठरवतील.

रोजचा आकडा मी आतोबांच्या मोबाइलवर पाठवत होते, हे तुला माहीतच आहे. चौतिसाव्या दिवशी तुझा निरोप आला तेव्हा नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. साडेनऊला रीडिंग होतं. मी ते घेतलं. सहा दिवस उरले होते, मध्ये सोडलं असतं तर सगळं पहिल्यापासून करावं लागलं असतं. मी आले नाही.

एक विचारायचं आहे. सोळा डिसेंबरला, म्हणजे एकोणतिसाव्या दिवशी, मी आकडा पाठवला नव्हता. फोन लॅबच्या कपाटात कुलपात राहिला. त्या दिवशी त्यांनी विचारलं होतं का?

तुझी,
तंतोतंत

ता.क. मागे एकदा मी आमची नळी पाच मीटर लांब आहे असं लिहिलं होतं. ती चार मीटर ऐंशी सेंटिमीटर आहे.


११ फेब्रुवारी

चि. तंतोतंत,

पत्र पोचलं. चार मीटर ऐंशी हे वाचून जिवात जीव आला. त्या वीस सेंटिमीटरच्या काळजीने माझं वजन उतरलं होतं.

ह्यांचं कपाट आवरायला घेतलं. शर्ट देऊन टाकले. पान्यांचा डबा उघडला तर दहा, अकरा, मग एकदम तेरा. बारा नंबरची जागा रिकामी. तो तुझ्याकडे आहे हे आठवायला मला थोडा वेळ लागला.

तू पाच वर्षांची होतीस तेव्हा ह्यांनी तो तुला दिला. दादा-वहिनी फिरतीवर, म्हणून तू आमच्याकडे, आणि आमची दोघांची ड्यूटी शीतगृहात, म्हणून तूही मशीन-रूममध्ये. शाळेचं तोंड पाहायच्या आधी तू आकडे दाबाच्या गेजवर शिकलीस आणि अक्षरं लॉगबुकात. स्टुलावर उभी राहून पान्याच्या पाठीने गेजच्या नळीवर तीनदा टकटक करायचीस आणि ओरडायचीस, ‘काटा सुटला!’ जुने गेज, काटा अडकून बसायचा, म्हणून ह्यांनी सवय लावली होती. आमचा दुसरा फिटर म्हणायचा, ‘कॉम्प्रेसरबाई, तुमची भाची गेजला हाक मारून उठवते.’

बेलमध्ये नवा सेल घातला, तरी मुकीच. वाजली असती तरी मला कुठे ऐकू येणार म्हणा. हे ऐकायचे आणि उठायचे. आता दुपारी मी खुर्ची दाराला टेकवून बसते. कुणी दार वाजवलं की पाठीला कळतं. दूधवाला दचकतो, त्याने हात उचलायच्या आत दार उघडतं असं त्याला वाटतं.

तुझा लगदा थांबला की धरतो म्हणतेस. आमच्या प्लॅन्टमध्ये तेल असंच करायचं. गार नळीत जाऊन बसायचं आणि मग ढिम्म. पण तुझा धरत नाही असं तूच पुढे लिहिलं आहेस. चांगलं आहे.

नीट जेव.

तुझी आत्या


२० फेब्रुवारी

प्रिय आत्या,

सोळा डिसेंबरचं तू काही लिहिलं नाहीस. कदाचित लिहायचं राहिलं असेल. मी पुन्हा विचारणार नव्हते, पण विचारावंसं वाटतंय हे लपवणंही बरं नाही, म्हणून लिहिलं.

इथे एक भानगड झाली आहे. माझ्यासोबत एक संशोधक आहे, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. त्याला सगळे ‘बूच’ म्हणतात, कारण त्याची पाळी असली की नळी तुंबते. माझे चाळीस दिवस झाल्यावर सरांनी तेच प्रयोग त्याला पुन्हा करायला सांगितले. नळी तीच, पंप तोच, पाणी आणि गॅस तेच, द्रव्यही त्याच बाटलीतलं. त्याचे आकडे मात्र जितका वेळ थांबावं तितके चढत जातात. दहा मिनिटं थांबून एकशे वीस. तासभर थांबला तर पंप धापा टाकून आपोआप बंद पडतो.

काल सरांनी दोघांना समोर बसवलं.

‘तिचं वाहतं आणि तुझं तुंबतं,’ सर म्हणाले. ‘सगळं सामान एक आहे. म्हणजे फरक हाताचा आहे.’

‘माझ्या हातात काही शाप आहे का सर?’ बूच म्हणाला.

‘शाप नाही, घाई आहे. तिची वही बघ. ती रीडिंग घेण्याआधी शंभर मोजते.’

‘मी दोनशे मोजतो सर. मोठ्याने. बोलायला कुणी नसतं म्हणून.’

मला हसू आलं नाही, पण हसण्यासारखं होतं हे कळलं. बूच वाईट माणूस नाही. स्वतःचा डबा उघडला की झाकणात माझा वाटा काढून ठेवतो. आतोबांच्या बाराव्या-तेराव्याला मी जेवत नव्हते तेव्हापासून.

सरांनी मला सांगितलंय की माझी पद्धत पायरी-पायरीने लिहून द्यावी. त्याच्या वहीशी ताडून पाहतील, त्याची चूक सापडली की त्याच्या नोंदी रद्द होतील आणि तो ह्या कामातून बाहेर. मार्चअखेर त्याचं नेमणुकीचं नवं पत्रही निघणार नाही.

मी लिहून काढलं ते तुलाही पाठवते, कारण मला शिकवलं तू. हात धुते. हात फडक्याला पुसते. वहीत तारीख, वेळ, खोलीचं तापमान लिहिते. पंप बंद करते. घड्याळ लावते. ठरलेला वेळ झाला की गॅसचा वाल्व्ह बंद आहे ना ते डोळ्यांनी आणि हातानेही पाहते. पंप सर्वांत कमी वेगावर सुरू करते. शंभर मोजते. रीडिंग घेते. लिहिते. लिहिलेलं पुन्हा स्क्रीनशी ताडते. सही करते.

ह्यात काही राहिलं आहे का? मला वाटत नाही. पण मला वाटत नाही म्हणजे राहिलं नाही असं नव्हे.

तुझी,
तंतोतंत


२८ फेब्रुवारी

चि. तंतोतंत,

यादी दोनदा वाचली. शंभर मोजणं आहे, हात धुणं आहे, पुसायचं फडकंसुद्धा आहे.

टकटक नाही.

ती आता करत नाहीस, की लिहायची राहिली? आणि तुझा बूच करतो का?

आत्या


७ मार्च

प्रिय आत्या,

करते. अर्थातच करते. शंभर मोजून झाले की हात आपोआप जातो. ती पायरी नाही, म्हणून लिहिली नाही. श्वास घेतला हेही लिहिलेलं नाही.

आमच्या इथे काट्याचे गेज नाहीत. दाब सेन्सरने मोजतात आणि आकडा स्क्रीनवर येतो. टकटक केल्याने त्याला काही फरक पडत नाही. तेव्हा त्याचा ह्याच्याशी संबंध काय, ते मला कळलं नाही.

तू रागावली आहेस का? मी आले नाही म्हणून रागावली असशील तर तसं लिही. ते मला वाचता येईल. पान्यावरून आणि सवयींवरून नको.

तुझी,
तंतोतंत


१४ मार्च

प्रिय आत्या,

मागचं पत्र टाकलं आणि पेटीपाशीच उभी राहिले. सेन्सरला फरक पडत नाही हे मी लिहिलं, पण नळीला फरक पडत नाही हे मी कधी पाहिलेलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बूचला सुट्टी होती. मी एकटीच होते. पंप बंद केला, दहा मिनिटं थांबले, सुरू केला, शंभर मोजले. उजवा हात पान्याकडे गेला. मी तो धरून ठेवला, डाव्या हाताने, खरोखरच. स्क्रीनवर आकडा चढत गेला. एकशे एकवीस. मी तशीच उभी राहिले. मग पाना उचलला आणि तीन टकटक केली. आकडा पडला. एकोणचाळीस.

हे मी एकदाच केलं असं नाही. पाच दिवसांत बावीस वेळा केलं. टकटक न करता एकदाही साठच्या खाली आला नाही. तासभर थांबून टकटक केली नाही तर पंप बंद पडतो, बूचचा पडतो तसाच.

म्हणजे नळीत दाणे एकमेकांना धरतात. सरांच्या द्रव्याने काही होत नाही, किंवा अगदी थोडं होतं. ते मी सोडवत होते, बारा नंबरच्या पान्याने, रोज, न लिहिता. जिथे ठोकत होते ती जागा बरोबर वळणाच्या अलीकडची. तिथे नळीचा रंग उडालेला आहे. इतके महिने मला तो दिसत होता आणि मी तो पाहिला नाही.

त्या औषधांच्या शीतगृहात कुणी पाना घेऊन उभं राहणार नाही. वीज गेली की लगदा नळ्यांमध्ये थांबेल. वीज आली की माझ्या तक्त्यावरून घेतलेला छोटा पंप त्याला हलवू शकणार नाही. आत औषधं असतील, लसी असतील, आणि त्या कोमट होत राहतील.

आता जे कुणाला सांगितलेलं नाही ते तुला सांगते. मला दोन वाटा दिसतात. एक म्हणजे सरांना सांगणं. तक्ता रद्द, सरांचं द्रव्य रद्द, माझी पदवी एक वर्ष तरी मागे. दुसरी म्हणजे एक ओळ घालणं. ‘नळीला सौम्य कंपन देण्यात आले.’ खोटं नाही. वाचणाऱ्याला वाटेल कसलं तरी यंत्र होतं. तक्ता वाचेल, आणि बूच जाईल. ती ओळ मी कच्च्या कागदावर लिहूनही पाहिली. चांगली दिसत होती. इतकी चांगली दिसत होती की मी कागद उलटा करून ठेवला.

आणि एक. ते चाळीस दिवस मी तिकडे आले नाही ते ह्या आकड्यांसाठी. आता आकडे गेले, तर ते दिवस कशासाठी गेले? शिवाय बिघडवले ते आतोबांच्याच टकटकीने. त्यांच्यावर रागावता येत नाही. स्वतःवर रागवायला बसले तर तेही येत नाही. आत्या, मला काहीच वाटत नाही. हीही नोंद.

काय करू ते लिही.

तुझी,
तंतोतंत


२० मार्च

चि. तंतोतंत,

दोन्ही पत्रं एकाच दिवशी आली. आधीच्या पत्राला उत्तर म्हणून एवढंच, की हो, राग होता. तुझ्यावर नव्हता. खाली सांगते.

काय कर ते मी लिहिणार नाही. तू कागद उलटा करून ठेवलास हे वाचलं, त्यावर मला काही जोडायचं नाही.

तू मला दोनदा विचारलंस आणि मी एकदा बेलचं सांगितलं, एकदा टकटकीचं. आता ऐक.

घेतलेलं नाही ते रीडिंग लिहायचं नाही, हे तुला मी शिकवलं. सात वर्षांची असताना तू एकदा दुपारचा रकाना सकाळच्या आकड्याने भरलास तेव्हा मी ते पान फाडायला लावलं होतं. तू हुंदके देत रडलीस. हे म्हणाले होते, ‘अगं, पोर आहे.’ मी म्हणाले, ‘पोराचंही रीडिंग रीडिंगच.’

सोळा डिसेंबरला सकाळी ह्यांनी विचारलं, ‘आला का?’ मी म्हटलं, नाही. दुपारी विचारलं, ‘आला का?’ नाही. मग दर अर्ध्या तासाने. तोवर बोलणंही जड झालं होतं, पण ‘आला का’ तेवढं स्पष्ट यायचं. संध्याकाळी मी मोबाइल उघडला, डोळ्यांपासून लांब धरला, वाचल्यासारखं केलं आणि म्हणाले, ‘एकोणचाळीस.’ आदल्या दिवशीचा होता तो.

ह्यांनी पलंगाच्या लोखंडी दांडीवर बोटाने तीन टकटक केली. मग म्हणाले, ‘आता परत सांग.’

मी परत सांगितलं. एकोणचाळीस.

‘कालच्याइतकंच,’ हे म्हणाले. ‘म्हणजे नळी चालू आहे.’ आणि झोपले.

मी दोनदा खोटं रीडिंग दिलं, दुसऱ्यांदा तर टकटक केल्यावर. त्यानंतर पाच दिवस होते, सांगता आलं असतं. सांगितलं नाही.

आणि रागाचं. तुला बोलवू का, असं मी ह्यांना दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा म्हणाले, ‘मध्ये तोडायला लावू नकोस. पोरीला पहिल्यापासून करावं लागेल.’ मी ऐकलं. फोनवर तुला ‘तब्येत जरा नरम आहे, येण्यासारखं काही नाही’ म्हणत राहिले. ऐकायला नको होतं. तो राग ह्यांच्यावर होता. माणूस गेल्यावर त्याच्यावरचा राग कुठल्या फळीवर ठेवतात ते मला ठाऊक नाही, म्हणून तुला दोन वाक्यांचं कार्ड लिहिलं. तू येणार नव्हतीस असं नाही. आम्ही तुला येऊ दिलं नाही.

त्या दिवशीचा खरा आकडा तुझ्या लॉगबुकात असेल. काय होता ते कळव. मला हवा आहे.

तुझी आत्या


२८ मार्च

प्रिय आत्या,

तुझं पत्र पंचवीसला पोचलं. सरांना मी बावीसलाच सांगितलं होतं. हे अशासाठी लिहिते की तुझ्या सांगण्यावरून केलं असं तुला वाटू नये, आणि मलाही पुढे कधी वाटू नये.

सांगितलं म्हणजे बोलले नाही, करून दाखवलं. दोघांना बोलावलं. पंप बंद केला, दहा मिनिटं थांबलो. दहा मिनिटं तिघांनी गप्प उभं राहणं फार लांब असतं. बूच मध्येच म्हणाला, ‘कुणाला श्रद्धांजली आहे का?’ आणि मग त्याला आठवलं आणि तो लाल झाला. मी म्हटलं, ‘आहे.’

पंप सुरू केला. एकशे अठरा. सरांनी बूचकडे पाहिलं, जणू त्यानेच काहीतरी केलं. मग मी पाना काढला आणि तीन टकटक केली. चाळीस.

सरांनी वाकून रंग उडालेल्या जागेवर बोट फिरवलं.

‘हे तू रोज करत होतीस?’ सरांनी विचारलं.

‘रोज. चाळीसही दिवस.’

‘वहीत नाही.’

‘नाही.’

‘का?’

‘मी हे करते हे मला माहीत नव्हतं.’

सर खुर्चीत बसले. त्यांनी चष्मा काढला आणि पुसला नाही, नुसता धरून ठेवला. शेवटी म्हणाले, ‘ह्याला कंपन म्हणता आलं असतं.’

‘मी लिहून पाहिलं होतं,’ मी म्हणाले. ‘चांगलं दिसत होतं.’

ते रागावतील असं वाटलं होतं. ते रागावले नाहीत, ते म्हातारे दिसले. त्याच दिवशी त्यांनी शीतगृहाच्या इंजिनिअरांना कळवलं, की तक्ता येणार नाही, पंप ठरवू नका. माझी पदवी पुढच्या वर्षावर गेली. बूचच्या नोंदी आता मुख्य नोंदी आहेत. तो बाहेर पडताना मला म्हणाला, ‘तीन महिने मी घरी आरशासमोर हात बघत होतो गं.’ मी क्षमा मागितली. तो म्हणाला, ‘बूच म्हणणं मात्र बंद करू नका, आता त्याला वजन आलंय.’

माझ्या वहीच्या पहिल्या पानावर मी एक वाक्य घातलं आहे आणि सही केली आहे. ‘प्रत्येक रीडिंगपूर्वी नळीवर पान्याने तीनदा ठोकण्यात आले. ही सवय प्रयोग करणारीला लहानपणी घरी लागली. ती नोंदवायची राहिली.’ सर म्हणाले, ‘घरी’ हा शब्द काढ, तांत्रिक वहीत बरा दिसत नाही. मी काढला नाही.

आता तू विचारलेलं. सोळा डिसेंबर, दिवस एकोणतिसावा, एक तास थांबून. एकोणचाळीस नव्हता. एक्केचाळीस होता.

पण तोही खरा नाही, आत्या. तो टकटकीचा आहे. त्या दिवशी नळीत खरं काय होतं ते मला माहीत नाही आणि आता कधी कळणार नाही. तेव्हा तू दिलेलं आणि मी घेतलेलं, दोन्ही सारखीच. तुझं पान फाडायचं असेल तर माझी चाळीस फाडावी लागतील. मी फाडत नाही. वरून एकेक रेघ मारली आहे, खालचा आकडा वाचता येईल अशी. तूही तसंच कर.

‘आता परत सांग’ हे वाचून झाल्यावर मी पत्र खाली ठेवलं आणि भांडी घासली. घासताना पाणी फार गरम होतं. हात लाल झाल्यावर लक्षात आलं, पण लक्षात आलं. हीही नोंद.

पुढचं काम ठरलं आहे. लगदा जास्त वेळ, म्हणजे बहात्तर तास, थांबला तर काय होतं ते कुणीच मोजलेलं नाही. पुढच्या शुक्रवारी नळी भरून पंप बंद करायचा आणि सोमवारपर्यंत तिला कुणीही हात लावायचा नाही. तशी पाटी मी लिहून टांगली आहे. मी म्हटलं, तीन दिवस मी इथे बसून लक्ष ठेवते. बूच म्हणाला, ‘तू बसलीस तर टकटक करशील. घरी जा. नळीला माझ्याजवळ सोड, माझ्याजवळ ती कधी हलत नाही.’

शुक्रवारी संध्याकाळी निघते. शनिवारी दुपारी पोचेन. पाना आणते आहे, अकरा आणि तेराच्या मध्ये ठेवायला.

बेल दुरुस्त करू नकोस. खुर्ची दाराला टेकवून बस.

तुझी,
तंतोतंत